बाळाच्या रक्तातला जंतू येतो कुठून?

आईच्या उदरात बाळाला जंतूंचा सहवास जवळजवळ नसतोच. जन्म झाला की काही तासांतच त्याच्या त्वचेवर, नाकातोंडात आणि आतड्यांत जंतूंची वस्ती सुरू होते. ही वस्ती मुळात वाईट नव्हे. आईच्या अंगावरून व तिच्या दुधातून आलेले जंतू बाळाचे पहिले शेजारी होतात, त्याच्या आतड्यात ठाण मांडतात आणि घातक जंतूंना सहजी जागा मिळू देत नाहीत. पण आईआधी दुसऱ्याच कुणी ही जागा पटकावली तर? तो 'दुसरा कुणी' रुग्णालयात वर्षानुवर्षे मुरलेला, बहुतेक प्रतिजैविकांना न जुमानणारा जंतू असेल तर? गेली पंचवीसहून अधिक वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न कोणता, असे कुणी विचारले तर मी हाच सांगेन.

आमच्या बेळगावात खानापूर, चंदगड, गडहिंग्लजपासून थेट सावंतवाडी-गोव्यापर्यंतची बाळे उपचारांसाठी येतात. कुणी अपुऱ्या दिवसांचे, कुणी दीड किलोचे, कुणी जन्मतःच न रडलेले. यांतली पुष्कळ बाळे पहिल्या संकटातून तरतात. श्वास सुधारतो, वजन वाढू लागते, घरची मंडळी बारशाच्या गोष्टी बोलू लागतात, आणि मग एखाद्या पहाटे सिस्टर सांगतात, "मॅडम, बाळ आज दूध ओढत नाही." या एका वाक्याने नवजात विभागातल्या कुठल्याही डॉक्टरच्या पोटात गोळा येतो. रक्तातील जंतुसंसर्ग, म्हणजेच सेप्सिस, बहुधा अशाच दबक्या पावलांनी येतो.

मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की थंडी वाजते, ताप चढतो. नवजात बाळाचे तसे नसते. ते सुस्त होते, त्याचे हातपाय गार पडतात, श्वास जलद चालतो किंवा मधेच थांबतो, पोट फुगते. ताप येण्याऐवजी कित्येकदा अंग थंडच पडते. आईच्या रक्तातील संरक्षक प्रतिपिंडे बाळाला प्रामुख्याने गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. जे बाळ सातव्या महिन्यातच जन्मले, ते ही शिदोरी न घेताच आलेले असते. त्यात त्याच्या नाजूक त्वचेतून सलाईनची सुई, नाभीतून नळी, नाकातून दुधाची नळी आणि कधी श्वसननलिकेत कृत्रिम श्वासाची नळी. बाळाला जगवणारी प्रत्येक नळी हा जंतूंसाठी एक उघडा दरवाजाही असतो.

गडचिरोलीतील दोन साधी औषधे

या विषयाचा विचार करताना मला नेहमी दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. पहिला आपल्या महाराष्ट्रातला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविकेने लक्षणांवरून सेप्सिस ओळखावा आणि जेंटामायसिनची इंजेक्शने व तोंडाने कोट्रायमोक्साझोल द्यावे, ही उपचाराची पद्धत होती. ना प्रयोगशाळा, ना काचेची पेटी. तरीही सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. जगभर नावाजलेल्या या प्रयोगाच्या धर्तीवर २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर नवजात बाळांना घरी जाऊन भेटी देऊ लागल्या.

दुसरा अभ्यास दिल्लीचा. तेथील तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात ८८,६३६ जन्म झाले आणि त्यांपैकी नवजात अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या १३,५३० बाळांचा मागोवा घेण्यात आला. याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दाखल बाळांपैकी १४.३ टक्के बाळांना सेप्सिस झाला; ६.२ टक्के बाळांच्या रक्तात प्रत्यक्ष जंतू वाढले. त्यांत ॲसिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेबसिएला १७ टक्के व ई. कोलाय १४ टक्के होते. पाच औषधगटांपैकी किमान तीन गटांना दाद न देणारे जंतू यांत किती? ॲसिनेटोबॅक्टरमध्ये ८२ टक्के, क्लेबसिएलामध्ये ५४ टक्के आणि ई. कोलायमध्ये ३८ टक्के. या विभागांत झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास एक चतुर्थांश मृत्यूंना सेप्सिस कारणीभूत होता.

या दोन अभ्यासांची सरळ तुलना करता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. गडचिरोलीत निदान लक्षणांवरून होते, दिल्लीत प्रयोगशाळेतून. दिल्लीची बाळे अधिक आजारीही होती. तरीही एक गोष्ट मनात राहते. दुर्गम खेड्यात दोन स्वस्त औषधांनी बाळ वाचत होते आणि राजधानीच्या सुसज्ज रुग्णालयात महागडी औषधेही अपुरी पडत होती. फरक जंतूंमध्ये होता. एके ठिकाणी जंतू घराचे होते, दुसरीकडे इस्पितळाचे.

दोष आईचा नव्हे

दिल्लीच्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत असे शिकवले जाई, की जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत होणारा सेप्सिस आईच्या प्रसूतिमार्गातील जंतूंमुळे होतो आणि त्यानंतरचा रुग्णालयातल्या जंतूंमुळे. पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावर ती विभागणी आधारलेली होती. तेथे पहिल्या दिवसांत मुख्यतः ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलाय आढळतात. दिल्लीत सेप्सिसच्या सुमारे दोन तृतीयांश घटना पहिल्या ७२ तासांतच घडल्या आणि त्यांतले जंतू उशिरा होणाऱ्या सेप्सिसमधल्या जंतूंसारखेच निघाले. याचा सरळ अर्थ असा, की रुग्णालयाचे जंतू प्रसूतिगृहातच, नाळ कापतानाच्या वेळेपासूनच, बाळापर्यंत पोहोचत असावेत.

"बाळंतिणीनेच काही पथ्य मोडले असेल," हे वाक्य मी अतिदक्षता विभागाच्या बाहेर पुष्कळदा ऐकले आहे. आधीच खचलेली ती पोर मान खाली घालून उभी असते. वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. अशा बहुतेक वेळी जंतू आईने आणलेला नसतो. तो आमच्या हातांवरून, न सुकवलेल्या सक्शनच्या नळीतून, ओलसर ह्युमिडिफायरमधून, बेसिनच्या नळावरून किंवा अनेक बाळांसाठी एकच बाटली वापरून काढलेल्या सलाईनमधून आलेला असतो. क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर यांना ओलावा प्रिय. त्यातही ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतो.

म्हणून रुग्णालयातील प्रसूती टाळावी काय? मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के प्रसूती दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. याच काळात नवजात मृत्युदर हजारी ३९ वरून सुमारे २५ वर आला. घरच्या प्रसूतीत किती मातांचे प्राण जात, हे जुन्या पिढीला सांगायला नको. पण प्रसूती घरातून दवाखान्यात आणली, तेव्हा बाळाचे पहिले शेजारी कोण असावेत याची जबाबदारीही आपण दवाखान्यात आणली. तिचे भान मात्र तेवढ्या वेगाने आले नाही.

जंतू हुशार होतात कसे?

१९९० च्या दशकात मी एम.डी. करीत होते, तेव्हा अँपिसिलिन व जेंटामायसिन ही जोडी सेप्सिसचा पहिला उपचार असे. पुढे सेफोटॅक्सिम आणि अमिकासिन आले, मग पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मग मेरोपेनेम आणि शेवटी कोलिस्टिन. मूत्रपिंडांना इजा करते म्हणून एके काळी अडगळीत टाकलेले हे कोलिस्टिन आज एक किलोच्या बाळाला द्यावे लागते. जिन्याच्या पायऱ्या चढत जावे तसे आम्ही वर चढत गेलो आणि जंतू आमच्या मागोमाग आले. आता वर फारशा पायऱ्या उरलेल्या नाहीत. प्रौढांसाठी २००० सालानंतर मान्यता मिळालेल्या सुमारे ४० प्रतिजैविकांपैकी केवळ चारांच्या माहितीपत्रकात नवजात बाळासाठीची मात्रा दिलेली होती.

जंतूंचे हे सामर्थ्य बहुधा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांत साठवलेले असते. परीक्षेत शेजाऱ्याला कॉपी पुरवावी तशी ही कडी एक जंतू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही, देऊ शकतो. मेरोपेनेमसारखी औषधे फोडणारे एनडीएम-१ हे वितंचक अशाच कडीवर स्वार होऊन पसरते. २००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णात ते प्रथम सापडले. तो रुग्ण त्याआधी नवी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता, म्हणून नावात दिल्ली आली. २०१० मध्ये त्या नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. नावाचा राग समजण्याजोगा होता. पण जंतूला नावाशी कर्तव्य नसते.

आपण निवडलेले औषध विभागातील जंतूंची जातच बदलून टाकते, याचा सुरेख पुरावा नेदरलँड्समधील दोन नवजात विभागांनी दिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका विभागाने पेनिसिलिन व टोब्रामायसिन वापरले, दुसऱ्याने अमॉक्सिसिलिन व सेफोटॅक्सिम. सहा महिन्यांनी अदलाबदल केली. वापरातल्याच औषधांना न जुमानणारे जंतू बाळांच्या अंगी वसण्याचे प्रमाण सेफोटॅक्सिमच्या पद्धतीत सुमारे १८ पट अधिक निघाले. म्हणजे 'भारी' औषध एका बाळाला दिले, तरी त्याचा परिणाम शेजारच्या पेटीतल्या बाळालाही भोगावा लागतो. दुसऱ्या कुठल्या औषधाबाबत असे घडत नाही.

एक मिलिलिटर रक्त आणि दोन दिवसांचा धीर

माझ्या व्यवसायबंधूंना आता थोडे मोकळेपणाने सांगते. प्रतिजैविक देण्याआधी ब्लड कल्चर घेणे, हा नियम आपण सर्वजण पाठ म्हणू शकतो. तरीही आमच्याकडे पाठवलेल्या कित्येक बाळांच्या चिठ्ठीवर मेरोपेनेमची नोंद असते, कल्चरची नसते. एकदा औषध रक्तात गेले की जंतू बाटलीत वाढेलच याची खात्री राहत नाही. मग पुढच्या डॉक्टरला अंधारातच तीर मारावा लागतो. कल्चरला निदान एक मिलिलिटर रक्त हवे. दोन-चार थेंब टाकून बाटली पाठवली आणि 'जंतू वाढले नाहीत' असा अहवाल आला, तर त्यावर विसंबता येत नाही.

कल्चरचा दुसरा उपयोग आपण फारच कमी करतो. कल्चर आपल्याला औषध थांबवण्याचे धैर्य देते. स्वयंचलित यंत्रांत खरा जंतू बहुधा २४ ते ३६ तासांत खूण देतो. ४८ तासांनी कल्चर निर्जंतुक असेल आणि बाळ ठीक असेल, तर औषध बंद करावे. 'असू द्या आणखी पाच दिवस, काय बिघडते?' असे म्हणण्याचा मोह मोठा असतो. पण बिघडते. अतिशय कमी वजनाच्या बाळांवरील २००९ मधील अमेरिकन अभ्यासात असे दिसले, की कल्चर निर्जंतुक असतानाही सुरुवातीची प्रतिजैविके जितके अधिक दिवस चालू ठेवली गेली, तितका आतडे सडण्याचा विकार वा मृत्यू यांचा धोका वाढलेला होता. औषधाने आधी आईकडून मिळालेले चांगले शेजारी मरतात आणि मोकळ्या जागेत इस्पितळाचे जंतू शिरतात.

आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाची रीत वेगळी. अकरा देशांतील १९ रुग्णालयांत २०१८ ते २०२० या काळात सेप्सिसच्या शंकेने उपचार घेतलेल्या ३,२०४ बाळांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील केंद्रेही होती. या बाळांवर औषधांची २०० हून अधिक वेगवेगळी मिश्रणे वापरली गेली. एका आजारावर दोनशे उपचार असतील, तर नेमका उपचार कुणालाच ठाऊक नाही असे समजायला हरकत नाही.

मग प्रसूतीच्या वेळीच आईला औषध देऊन बाळाचे रक्षण करता येईल का? या प्रश्नाच्या शोधात आपल्या बेळगावचाही वाटा आहे. आपल्या गावातील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूर येथील केंद्रे सहभागी असलेल्या सात देशांतील चाचणीत २९ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रसूतिकळांत अझिथ्रोमायसिनची दोन ग्रॅमची एकच मात्रा देण्यात आली. २०२३ मधील निष्कर्षानुसार मातांमधील सेप्सिस वा मृत्यूचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. हा मातांचा मोठाच लाभ आहे. बाळांच्या सेप्सिसमध्ये मात्र फरक पडला नाही. मला यात नवल वाटत नाही. बाळाला होणारा संसर्ग जर प्रसूतिगृहातून व अतिदक्षता विभागातून येत असेल, तर आईला दिलेली गोळी तो कशी अडवणार?

हात, दूध आणि कूस

व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींमधील मृत्यू सुमारे १८ टक्क्यांवरून दोनेक टक्क्यांवर आले, ही कथा आपण सारे जाणतो. जिनिव्हातील रुग्णालयाने १९९४ नंतर प्रत्येक खाटेपाशी अल्कोहोलचे द्रावण ठेवले. तेव्हा हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्के झाले आणि रुग्णालयजन्य संसर्ग १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर उतरला. लक्षात घ्या, तेथेही शंभरातले चौतीस प्रसंग चुकतच होते. तरी एवढा फरक पडला. हातावर द्रावण चोळायला वीस-तीस सेकंद लागतात. कोलिस्टिनचा एक दिवस वाचवायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. मात्र तीन सिस्टरांकडे वीस बाळे सोपवून त्यांना हात धुण्यावर व्याख्यान देणे हा अन्याय आहे. पुरेशा परिचारिका नेमणे हाही जंतुनियंत्रणाचाच भाग आहे.

दुसरा उपाय आईचे दूध. पहिल्या दिवसांचा घट्ट, पिवळसर चीक हा बाळाच्या आतड्यावर दिलेला संरक्षक लेपच होय. तो टाकून मध चाटवणे, गुटी उगाळून देणे, गायीचे पाणी घातलेले दूध पाजणे हे प्रकार सुशिक्षित घरांतही अजून घडतात. आजीचे प्रेम खरेच असते. पण सहाणेवरून जंतूही बाळाच्या पोटात जातो.

तिसरा उपाय आईची कूस. 'कांगारू मातृसेवा' १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे पेट्यांच्या टंचाईतून सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मापासूनच आईच्या छातीशी ठेवले गेले. २०२१ मधील निष्कर्षांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले आणि सेप्सिसची शंका येण्याचे प्रमाणही घटले. ज्या आईला आम्ही वर्षानुवर्षे 'संसर्ग होईल' म्हणून काचेबाहेर उभे केले, तीच संसर्गापासूनचे संरक्षण ठरली. तिच्या अंगावरचे जंतू बाळाचे आप्त आहेत.

आपण काय करावे?

"डॉक्टरसाहेब, पैशांचं बघू नका, सगळ्यांत भारी औषध लावा," असे बाळाचा मामा वा आजोबा हात जोडून सांगतात, तेव्हा त्यांच्या जिवाची घालमेल मला कळते. मी त्यांना म्हणते, "काका, भारी औषध नको, नेमके औषध हवे. ते कोणते, हे कल्चर सांगेल." बहुतेकांना हे पटते, फक्त शांतपणे सांगायला आपण पाच मिनिटे काढली पाहिजेत. कायदाही आपल्या बाजूने आहे. मार्च २०१४ पासून तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स व मेरोपेनेमसारखी औषधे 'परिशिष्ट एच-१' मध्ये असून औषधविक्रेत्याने त्यांची वेगळी नोंदवही ठेवायची असते. जुलै २०१९ मध्ये जनावरे व कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरण्यावर बंदी आली. पण कायद्याची नोंदवही कपाटात राहते. सवय रोजच्या कामात उतरावी लागते.

समाजबांधवांना माझी विनंती एवढीच : प्रसूतीसाठी दवाखाना निवडताना खोलीत वातानुकूलन आहे का हे विचाराच, पण प्रसूतिगृहात हात धुण्याची सोय कशी आहे हेही विचारा. बाळ पाहायला गर्दी करू नका. आईला बाळाजवळ राहू द्या. उरलेले प्रतिजैविक घरच्या दुसऱ्या मुलाला देऊ नका. आणि डॉक्टरांनी 'औषधाची गरज नाही' असे सांगितले, तर त्यांनी तुमच्या बाळाकडे दुर्लक्ष केले असे मानू नका.

व्यवसायबंधूंपुढे मी एक प्रस्ताव ठेवते. आपल्या संस्थेच्या सभासदांची लहानमोठी प्रसूतिगृहे व बालरुग्णालये या परिसरात आहेत. आपण सर्वांनी आपापल्या ब्लड कल्चरचे अहवाल, बाळाचे नाव वगळून, दर तीन महिन्यांनी एकत्र मांडावेत. आपल्या गावात कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते साधे औषध अजून चालते, हे एका पानावर सर्वांना कळावे. यात कुणाची बेअब्रू नाही. ज्याच्याकडे जंतू सापडला तो दोषी, असे मानू लागलो तर कल्चर घेणेच बंद होईल. ज्याने कल्चर पाठवले तो सावध, असे मानायला हवे. पुढील वार्षिक सभेत पहिल्या तीन महिन्यांचा तक्ता आपण समोर ठेवू शकलो, तर कोणत्या बाळाला कोणते औषध द्यायचे हे आपण दिल्लीच्या आकड्यांवरून नव्हे, तर स्वतःच्या गावाच्या आकड्यांवरून ठरवू. माझ्या दवाखान्याचे अहवाल देण्यास मी तयार आहे.